मुंबईच्या घरातला रेल्वे लेआउट : मॉड्यूलर बेसबोर्ड निवडताना

मॉडेल रेल्वेचा लेआउट करायचे ठरले की आधी इंजिन, डबे आणि रूळ यांची खरेदी होते, आणि हे सगळे ज्याच्यावर उभे राहायचे तो बेसबोर्ड मात्र शेवटी मिस्त्रीच्या भरवशावर सोडला जातो. मुंबईत तरी हा क्रम उलटा असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. इथल्या घरात लेआउट वर्षातले बरेच दिवस माळ्यावर किंवा पलंगाखाली राहणार असतो आणि त्यातले चार महिने पावसाळी हवेत जाणार असतात. म्हणून निवड करताना दोनच गोष्टी आधी तपासाव्यात : बोर्ड दमट हवेत आकार किती राखतो, आणि दोन बोर्डांचा सांधा प्रत्येक जोडणीला पूर्वीच्याच जागी बसतो का. वजन, किंमत आणि देखणेपणा यांचा विचार त्यानंतर करावा.

स्वतंत्र खोली कायमची मोकळी असेल, तर अखंड लेआउट करण्यास हरकत नाही आणि पुढचा मजकूर अशा वाचकासाठी नाही. बाकी सर्वांनी सुट्या बोर्डांचाच विचार करावा, कारण घर बदलताना जिन्याच्या वळणावर अडकणारा आठ फुटी पाट करवतीने कापण्याखेरीज दुसरा मार्ग राहत नाही.

मापापासून सुरुवात करू. प्लायवुडचा आठ बाय चारचा ताव म्हणजे २४४० × १२२० मिमी. त्यातून १२०० × ६०० चे चार, १२०० × ४०० चे सहा किंवा ८०० × ४०० चे नऊ पाट जवळपास काहीही वाया न जाता निघतात. ९०० × ४५० हे माप हाताळायला सोयीचे असले, तरी एका तावातून त्याचे पाचच पाट मिळतात. उरलेल्या पट्टीतून चौकटीचे तुकडे काढायचे असतील, तर मात्र तेही परवडते. वजनाचा हिशेब साधा आहे. ९ मिमी प्लायचा १२०० × ६०० चा पाट सुमारे सव्वाचार किलो भरतो, आणि त्याच प्लायच्या १०० मिमी उंच पट्ट्यांची चौकट व मधले आडवे धरले, तर रूळ आणि देखावा बसवण्यापूर्वीच बोर्ड सात किलोंच्या वर जातो. तो एका माणसाला उचलता येतो, पण स्टुलावर उभे राहून माळ्यावर सरकवणे धोक्याचे आहे. वरचा पाट ६ मिमी आणि चौकट ९ मिमी ठेवून केलेला ९०० × ४५० चा बोर्ड साधारण साडेतीन किलोंत बसतो आणि रिक्षाच्या मागच्या सीटवर आडवा ठेवून नेता येतो.

बोर्डाची रुंदी मात्र मॉडेलच्या प्रमाणावर, म्हणजे मूळ गाडीच्या कितव्या भागाचे मॉडेल आहे यावर ठरते. एचओ म्हणजे १:८७ या प्रमाणात ४५७ मिमी त्रिज्येचे वळणसुद्धा तंग मानले जाते, आणि तेवढ्या वळणाने गाडी परत फिरवायची तर रुंदी मीटरभर लागते. ४०० किंवा ६०० मिमी रुंद बोर्डांवर एचओचा लेआउट त्यामुळे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणाराच होतो. एन म्हणजे १:१६० या प्रमाणात २८२ मिमी त्रिज्येचा फेरा सुमारे ६५० मिमीत बसतो. दोन अरुंद बोर्ड पाठीला पाठ लावले की गाडी गोल फिरते. ज्यांना बारा डब्यांची लोकल फलाटावर पूर्ण उभी असलेली पाहायची आहे, त्यांनी हे गणित आधी करावे : लोकलचा डबा सुमारे २०.७ मीटर लांबीचा, म्हणजे बारा डबे एचओमध्ये जवळजवळ तीन मीटर आणि एनमध्ये सुमारे १.६ मीटर होतात. एचओमध्ये एकटा फलाटच १२०० मिमीचे अडीच बोर्ड घेतो. माथेरानच्या गाडीसारखा विषय घेतला, तर छोटी इंजिने आणि मुळातच तीव्र वळणे असल्यामुळे ८०० × ४०० च्या दोन बोर्डांवरही समाधानकारक काम होते. जागा फार कमी असणाऱ्यांना हा पर्याय मी आवर्जून सुचवतो.

आता साहित्य. माझे पहिले चार बोर्ड १२ मिमी एमडीएफचे होते. पृष्ठभाग आरशासारखा सपाट आणि कापलेली कड स्वच्छ असल्यामुळे मला ते फार आवडले होते. जूनमध्ये ते मोरीवरच्या माळ्यावर ठेवले आणि गणपतीच्या सुट्टीत खाली काढले, तेव्हा सांध्यावरून नख फिरवताच एक कड उंच लागली. व्हर्नियरने मोजले, तर मध्ये १२ मिमी भरणारा पाट कडेला जवळजवळ १३ मिमी झाला होता. एचओच्या चाकांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या आरपी-२५ या मापात फ्लँजची, म्हणजे चाकाला रुळावर धरून ठेवणाऱ्या आतल्या कडेची, खोली अवघी ०.६४ मिमी असते. तेव्हा सांध्यावर अर्धा मिलिमीटर पायरी आली तरी चाक रूळ सोडण्याच्या बेतात येते, आणि माझ्याकडे तर त्याहून मोठी पायरी होती. एमडीएफमध्ये लाकडाचे बारीक तंतू चिकटद्रव्यासह दाबून बसवलेले असतात. ओल लागली की दाबलेले तंतू फुगतात आणि वाळल्यावरही पूर्वीच्या जाडीवर परत येत नाहीत. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. त्यामुळे बोर्डासाठी एमडीएफ वापरू नये, हे मी कोणत्याही सवलतीशिवाय सांगतो.

प्लायवुडमध्ये लाकडाचे पातळ थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्याने लांबी-रुंदीतला फरक नगण्य राहतो. दुकानात विचारताना दर्जा नेमका सांगावा. एमआर म्हणजे केवळ ओलसर हवा काही प्रमाणात सोसणारा प्लाय. आयएस ३०३ या भारतीय मानकातला बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळते पाणी सोसणारा प्लाय, त्याहून टिकाऊ आणि आयएस ७१० चा मरीन प्लाय सर्वांत खात्रीचा. माझ्या मते चौकटीला मरीन आणि वरच्या पाटाला बीडब्ल्यूआर पुरतो. शिक्क्यावर न थांबता तावाची कापलेली कड मात्र स्वतः पाहावी : आतल्या थरांत पोकळ्या दिसत असतील, तर नेमका तिथेच पॉइंट मोटरचा (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारा सांधा हलवणाऱ्या मोटरचा) स्क्रू जाणार आणि काही दिवसांनी तो फिरू लागणार.

प्लायच्या बोर्डाकडे जाण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला मिस्त्रीचा. तो स्वस्त आणि जवळचा आहे. पण फर्निचरची सवय असलेला कारागीर दीड-दोन मिलिमीटरचा फरक सनमायकाखाली झाकतो आणि लेआउटमध्ये तो झाकता येत नाही. म्हणून शेजारी बसून, "मिस्त्री, ही दोन टोकं एकत्र पकडून एकदमच भोकं पाडा," असे प्रत्येक जोडीला सांगावे लागते. दुसरा मार्ग ब्रिटनमध्ये तयार कापून मिळणाऱ्या लेझर-कट संचांचा. त्यांची अचूकता उत्तम असते आणि खाचा एकमेकांत बसवल्या की काटकोन आपोआप साधतो. मात्र वजनदार लाकडी सामानाचे टपाल आणि त्यावरचे सीमाशुल्क भरून ते मागवणे मला पटत नाही. तिसरा मार्ग म्हणजे स्वतःचा नकाशा देऊन मुंबईतच कापून घेणे, आणि माझा कल याच मार्गाकडे आहे. इथे एक तांत्रिक अडचण लक्षात ठेवावी : मरीन प्लायमधला फिनॉलिक गोंद लेझरला दाद देत नाही, कड काळी पडते आणि काप अर्धवट राहतो. अशा प्लायसाठी सीएनसी राउटरवाला, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर फिरत्या पात्याने कापणारा, शोधावा. लेझरसाठी मऊ लाकडाचा पातळ प्लाय ठीक असतो.

गच्चीच्या उष्णतारोधनासाठी मिळणारे एक्सपीएस फोमचे ५० मिमी जाडीचे पाट हा वजनाच्या दृष्टीने अजोड पर्याय आहे, कारण १२०० × ६०० चा तुकडा किलोभराच्या आसपास भरतो आणि दमट हवेचा त्याच्यावर परिणाम होत नाही. ओढे, उतार, बंधारे सुरीने कोरता येतात. उणिवाही तितक्याच ठळक आहेत : स्क्रू धरत नाही, सोल्डरिंगची इस्त्री टेकली की खड्डा पडतो, आणि फर्निचरला वापरतात ते सॉल्व्हंटचे रबरी चिकटद्रव्य लावले तर फोम विरघळतो. पांढरा फेविकॉल चालतो, पण दोन मोठ्या पृष्ठभागांमध्ये तो वाळायला फार वेळ घेतो. प्लायची चौकट आणि तिच्यात बसवलेला फोम अशी जोड घाटातल्या देखाव्याला फार शोभते. सपाट यार्डाला, जिथे पॉइंट दाटीने असतात, तिथे प्लायच हवा. खिडक्यांच्या ॲल्युमिनियम सेक्शनची चौकटही काही जण करवून घेतात. ती फुगत नाही, तिला वाळवी लागत नाही, पण गाडीचा आवाज तिच्यात घुमतो आणि तारांचे उघडे टोक चौकटीला लागू नये याची काळजी कायम घ्यावी लागते.

साहित्य कोणतेही घ्या, लेआउटचे यश सांध्यावर ठरते. नुसत्या बोल्ट आणि विंग नटने जोडलेले बोर्ड घट्ट बसतात, पण बोल्टच्या भोकात थोडी सैल जागा असतेच आणि तेवढ्याने रूळ एकमेकांपासून सरकतात. बोल्टने केवळ आवळावे. जागा ठरवण्याचे काम डॉवेलकडे द्यावे. पितळी पॅटर्नमेकर डॉवेल, म्हणजे एका बोर्डात बसणारी खुंटी आणि दुसऱ्यात बसणारी तिची वाटी, हा सर्वोत्तम उपाय आहे. ते मिळाले नाहीत, तर नागदेवी स्ट्रीटवरून ८ मिमीच्या डॉवेल पिना घ्याव्यात आणि एखाद्या लेथवाल्याकडून पितळी बुश कातून घ्यावेत. सर्वांत स्वस्त युक्ती पितळी बिजागरीची : दोन पाती दोन बोर्डांवर बसवायची, मधली पिन काढून टाकायची आणि तिच्या जागी वाकवलेली तार सरकवायची. छोट्या बोर्डांना ती पुरते, परंतु बिजागरी निवडताना हाताने हलवून पाहावी. खडखडणारी घेऊ नये.

रूळ सांध्यावर कापण्याआधी दोन्ही बाजूंना तांब्याचा थर असलेल्या पीसीबीच्या (सर्किट बोर्डाच्या) पट्ट्या स्क्रूने बसवून रूळ त्यांवर सोल्डर करावेत, बोर्ड डॉवेलवर जोडलेले असतानाच बारीक करवतीने काप घ्यावा आणि आतल्या कडेचा बूर सुईकानशीने काढावा. पट्टीवरचा तांब्याचा थर दोन रुळांच्या मधोमध कापायला विसरू नये, अन्यथा शॉर्ट सर्किट होते. विजेच्या जोडणीला लॅमिंग्टन रोडवर मिळणारे डी-सब कनेक्टर (अनेक पिनांचे जोड) पुरेसे आहेत. डीसीसीच्या, म्हणजे गाड्यांच्या डिजिटल नियंत्रणाच्या, मुख्य तारांना तेवढा वेगळा, जाड जोड द्यावा.

आपले बोर्ड पुढेमागे इतरांच्या बोर्डांना जोडायचे असतील, तर माप स्वतः ठरवू नये, प्रचलित मानक घ्यावे. एनट्रॅक या एन प्रमाणाच्या मानकाचा बोर्ड चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि जमिनीपासून ४० इंच उंच असतो. युरोपातल्या, १९८१ मध्ये सुरू झालेल्या फ्रेमो या संघटनेच्या एचओ मांडणीत रूळ १३०० मिमी उंचीवर असतात. या दोहोंना पाय लागतात आणि मोठे सभागृह लागते. मुंबईच्या घराला मला टी-ट्रॅक अधिक जवळचे वाटते. जपानमध्ये उगम पावलेल्या या पद्धतीत एन प्रमाणाचा एकेरी मॉड्यूल ३०८ मिमी लांब असतो, त्यावर कातो कंपनीचे युनिट्रॅक रूळ बसतात, आणि हे मॉड्यूल जेवणाच्या टेबलावर ओळीने ठेवून रुळांच्याच जोडांनी एकत्र होतात. बोल्ट, डॉवेल, पाय यांतले काहीच लागत नाही आणि सगळा लेआउट कपाटाच्या एका कप्प्यात मावतो. मोठे यार्ड किंवा लांब फलाट त्यात नीट साधत नाही, ही मर्यादा मात्र मान्य करावी लागेल.

प्लाय दिवाळीच्या सुमारास आणावा, आठ-दहा दिवस घरातच आडवा ठेवावा आणि मगच कापावा. चौकट जोडण्यापूर्वी प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही बाजूंना आणि सर्व कडांना पीयू (पॉलियुरेथेन) किंवा सँडिंग सीलरचे सारखेच दोन हात द्यावेत. एकच बाजू रंगवली, तर दुसरी ओल ओढते आणि पाट वाकतो. पहिल्या वर्षी दोनच बोर्ड करावेत, त्यांच्यावर सरळ रूळ टाकावा आणि एरवी जिथे ठेवणार त्याच माळ्यावर त्यांना एक पावसाळा काढू द्यावा. नवरात्रात ते खाली काढून जोडावेत, आणि आपल्याकडचा सर्वांत लांब डबा सांध्यावरून बोटाने हळू ढकलून पाहावा.