मधे दांडे असलेलं स्टीलचं बाकडं: टिकाऊ आहे, पण बसायचं कोणी?

बागेत, बसस्टॉपवर, स्टेशनबाहेर हल्ली जे तीन सीटचं बाकडं दिसतं ना, भोकंभोकं असलेला स्टीलचा पत्रा आणि दर दोन सीटच्या मधे एक वाकवलेला दांडा, त्याचा हा रिव्ह्यू. याचे रिव्ह्यू कुणी लिहीत नाही कारण घेणारा यावर कधी बसत नाही आणि बसणाऱ्याला घेताना कुणी विचारत नाही.

आधी चांगलं सांगते. मजबूत आहे, हलत नाही, पाऊस थांबला की पाणी भोकांतून निघून जातं, वरवर पुसलं की बसता येतं, लाकडी बाकड्यासारखं दिवसभर ओलं राहत नाही. उन्हात मात्र तव्यासारखं तापतं, आणि बसवणारे नेमके सावली सोडून बसवतात. म्हणजे भर दुपारी ज्याला खरंच टेकायची गरज असते त्याच्या उपयोगाचं नाही.

आता दांड्यांबद्दल. कॅटलॉगमधे याला आर्मरेस्ट म्हणतात. टोकाला आर्मरेस्ट हवाच, गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्यावर जोर देऊन उठता येतं, तो नसेल तर वयस्कर माणसं बसायचंच टाळतात कारण एकदा बसलं की उठायचं कसं. पण या बाकड्याच्या टोकांना काही नाही आणि मधे दोन दांडे! तेही इतके बुटके की बसल्यावर मांडीच्या जेमतेम वर येतात, कोपर टेकत नाही आणि उठताना जोर द्यावा तर मनगट पिरगळतं. त्यांचं काम एकच, कुणी आडवं होऊ नये. बरं, ज्याला घर नाही तो माणूस दांडे लावल्याने घरी जात नाही, शेजारच्या फरशीवर झोपतो. अडचण होते ती बाकीच्यांची पण. झोपलेलं लेकरू शेजारी ठेवता येत नाही, अंगाने जाड माणूस दोन दांड्यांमधे मावत नाही, गरोदर बाईला पाय वर घेऊन बसता येत नाही.

हे सगळीकडचं आहे म्हणा. लंडनच्या कॅमडेन भागात २०१२ मधे काँक्रीटचं एक बाकडं आलं, सगळीकडून उतरतं, कुठेच सपाट नाही. त्यावर झोपता येत नाही, स्केटबोर्ड घासता येत नाही, ड्रग्ज लपवायला फटही नाही. काय करता येणार नाही याची यादी समोर ठेवूनच घडवलंय, बसणं त्यातल्या त्यात उरलंय तेवढं.

उलटं उदाहरण न्यूयॉर्कच्या ब्रायंट पार्कचं. १९७० च्या दशकात तिथे ड्रग्ज विकणाऱ्यांचा अड्डा होता. विल्यम व्हाइट नावाच्या अभ्यासकाने लोक सार्वजनिक जागेत प्रत्यक्षात कसे वागतात ते वर्षानुवर्षं बघितलं होतं, त्याचं म्हणणं पडलं की बाग कुंपण आणि झुडपांमागे दडलीय म्हणून सामान्य माणूस आत शिरत नाही. मग झुडपं काढली, दारं रुंद केली, आणि १९९२ मधे बाग परत उघडली तेव्हा आत सुट्या खुर्च्या ठेवल्या, चक्क उचलून कुठेही नेता येतील अशा. सावलीत सरका, मैत्रिणीकडे तोंड करून बसा, नको त्या माणसापासून लांब जा. व्हाइट तर म्हणायचा की जागा नीट चाललीय का हे बघायचं तर तिथे बायका किती आहेत ते बघा. आपल्याकडे कुणी खुर्च्यांचं नाव काढलं की पहिला प्रश्न, चोरीला गेल्या तर?

आणि नुसतं बाकडं बदलून पण भागत नाही. व्हिएन्नामधे लक्षात आलं की वयाच्या साधारण नऊ वर्षांनंतर मुली बागेत यायच्या कमी होतात, मोठं मोकळं मैदान मुलांच्या ताब्यात जातं आणि मुली भांडत बसत नाहीत, निघून जातात. १९९९ मधे तिथल्या एक-दोन बागांमधे पायवाटा वाढवल्या, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनची सोय केली, मोठ्या मैदानाचे छोटे छोटे भाग पाडले, आणि मुली परत दिसायला लागल्या. मुलांना कुणी हाकललं नव्हतं!

तर माझ्याकडून ५ पैकी २ स्टार, दोन्ही स्टीलला. तुमच्या सोसायटीची किंवा बागेची ऑर्डर जायची असेल तर मधले दांडे काढायला सांगा आणि टोकाला उंच दांडे मागा, पाठ असलेलंच घ्या, बाजूला व्हीलचेअर लागेल एवढी पक्की फरशी सोडा म्हणजे तो माणूस पण सगळ्यांच्या ओळीत बसेल, समोर नाही. आणि ऑर्डर द्यायच्या आधी कमिटीतल्या सगळ्यात वयस्कर मेंबरला सँपलवर अर्धा तास बसवा, उठताना कशाला धरतात ते बघा.