तेल्याचे चारशे फोटो: मॉडेल फ्रीझ ठेवावं, लोरा लावावं की अख्खं फाइन-ट्यून करावं?

सांगोला-मंगळवेढ्याच्या बागांतून डाळिंबाचे चारशेक फोटो जमवलेत आणि फोनवर तेल्या (डाळिंबाचा जिवाणूजन्य करपा रोग) ओळखायचाय, तर कोऱ्या मॉडेलपासून सुरुवात करू नका. आधी शिकलेलं मॉडेल घ्यायचं हे ठरलेलंच आहे. त्यातलं किती हलवायचं, म्हणजे आपल्या फोटोंवर नव्याने शिकवायचं, हा खरा प्रश्न.

फ्रीझ म्हणजे मॉडेलला हात लावायचा नाही. डायनोव्ही-२ आणि रेझनेट-५० ही अशी आधी शिकलेली मॉडेलं फोटोचं वर्णन आकड्यांत करतात: डायनोव्ही-२ चं छोटं मॉडेल एका फोटोचे ३८४ आकडे देतं, रेझनेट-५० देतं २०४८. ते एकदाच काढून साठवा आणि त्यावर साधं लॉजिस्टिक रिग्रेशन (आकड्यांवरून वर्ग ठरवणारी सोपी पद्धत) चालवा. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवरही काम होतं. तेल्या, निरोगी अशा प्रत्येक वर्गामागे शंभरेक फोटो असतील तर आमचं मत स्पष्ट आहे: इथूनच सुरुवात करा.

अख्खं फाइन-ट्यूनिंग, म्हणजे सगळं मॉडेल पुन्हा शिकवणं, इतक्या कमी डेटावर धोक्याचं. रेझनेट-५० मध्ये अडीच कोटींच्या आसपास वेट्स (शिकताना बदलणारे आकडे) असतात, चारशे फोटो ते सहज पाठ करतं. शिवाय वर्ग ठरवणारा नवा शेवटचा लेअर (थर) सुरुवातीला रँडम असतो. पहिल्याच स्टेपपासून सगळं मोकळं सोडलं, तर त्याच्या चुकांचे मोठे ग्रेडियंट (वेट्स किती बदलायची हे सांगणारे आकडे) मागे जाऊन आधीचं चांगलं शिकलेलंही बिघडवतात. करायचंच असेल तर आधी तो लेअर ०.००१ लर्निंग रेटने (दर स्टेपला वेट्स किती बदलायची ते माप) स्थिरावू द्या, मग जुन्या मॉडेलचा फक्त शेवटचा ब्लॉक (थरांचा गट) ०.००००१ ने उघडा. बॅच आठचा, म्हणजे एका वेळी आठच फोटोंचा असेल, तर बॅचनॉर्मचे (थरांतले आकडे एका पातळीवर आणणाऱ्या भागाचे) साठवलेले आकडे गोठवा, नाहीतर ते दर बॅचला हेलकावे खातात.

लोरा या दोघांच्या मधला: जुनी वेट्स तशीच ठेवून शेजारी थोडी नवी जोडायची आणि तेवढीच शिकवायची. व्हिजन ट्रान्सफॉर्मरच्या बेस मॉडेलमधल्या साधारण ८.६ कोटी वेट्सना न हलवता, रँक ८ ने (रँक म्हणजे या जोडणीचा आकार) क्वेरी आणि व्हॅल्यू या भागांवर लावला तर जेमतेम ३ लाख नवी वेट्स शिकतात. फ्रीझचा स्कोअर अडला आणि फोटो हजाराच्या घरात गेले की हा घ्या.

यापेक्षा मोठा घोळ फोटोंत होतो. ४००० पिक्सेल रुंद फोटोत आठ सेंटिमीटरचं फळ अर्धी रुंदी व्यापत असेल, तर दोन मिलिमीटरचा डाग ५० पिक्सेलचा दिसतो. मॉडेलला देण्यासाठी अख्खा फोटो २२४ पिक्सेलवर आणला की उरतात तीनच. तेल्याच्या काळपट डागावरची चांदणीसारखी भेग, जिच्यावरून तो उन्हाच्या चट्ट्यापासून वेगळा ओळखू येतो, तीच पुसली जाते. आधी फळ क्रॉप करा आणि ५१८ पिक्सेलवर द्या, म्हणजे डाग १३ पिक्सेलचा राहतो. डायनोव्ही-२ चा पॅच (फोटो ज्या चौकोनी तुकड्यांत वाचला जातो तो) १४ पिक्सेलचा आहे, म्हणजे डागाला जवळपास स्वतःचा एक पॅच मिळतो. ऑगमेंटेशनमध्ये (फोटोंच्या बदललेल्या प्रती करून डेटा वाढवताना) फ्लिप आणि फिरवणं चालेल, पण रंगछटा बदलू नका, डागाचा काळपट-तपकिरी रंग हीही खूण आहे.

ट्रेन-टेस्ट (शिकवण्याचे आणि तपासण्याचे फोटो) वाटणी फोटोंनुसार नको, बागेनुसार करा. एकाच फळाचे फोटो दोन्हीकडे गेले की स्कोअर खोटा फुगतो. निरोगी फळं झाडावरची आणि रोगट सगळी गोणपाटावर ठेवलेली असतील, तर मॉडेल गोणपाटच ओळखायला शिकतं. मृग बहाराची एखादी बाग टेस्टसाठी राखून ठेवा, कारण पावसाळी हवेतच तेल्या जास्त पसरतो. अँथ्रॅकनोज (बुरशीजन्य डागांचा रोग) आणि उन्हाचा चट्टा यांची लेबलं वेगळी ठेवा, आणि शंकेची फळं सोलापूरजवळच्या केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात दाखवूनच लेबल लावा.