स्वस्तातला बेस गिटार, सात महिने: सगळं भांडण नटाशी

१२ हजारांच्या आतला पी-टाइप (फेंडर प्रिसिजनच्या घाटाचा) बेस, पॅसिव्ह (बॅटरीशिवाय चालणारा), ३४ इंच स्केल (तारेची वाजणारी लांबी). बाकीचे आकडे सगळ्यांना पाठ आहेत. पिकअप, रंग, खुंट्या किमतीच्या मानाने चांगल्या. नट (नेकच्या वरच्या टोकाची, तारा ज्यातून जातात ती खाचांची पट्टी) मात्र कारखान्यात पाट्या टाकून बसवलाय.

लक्षण असं: मोकळ्या तारा ट्यूनरवर तंतोतंत, आणि ई या सगळ्यात जाड तारेचा पहिला फ्रेट (नेकवरची धातूची आडवी पट्टी) दाबला की एफ १५-२० सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा. बाराव्या फ्रेटवर तक्रार नाही. लोक 'इंटोनेशन (फ्रेटवर स्वर बरोबर लागणं) गेलं' म्हणत सॅडल (खालच्या टोकाला ब्रिजवर तार ज्यावर टेकते तो तुकडा) मागेपुढे करत बसतात. उपयोग शून्य, कारण दोष दुसऱ्या टोकाला आहे. नटाच्या खाचा उथळ, म्हणून तार उंच. दाबताना ती जास्त ताणली जाते आणि स्वर चढतो. बोटंही दुखतात, आणि नवशिक्याला वाटतं बेस असाच असतो.

तपासायला पैसे लागत नाहीत. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवरची फट बघा. ०.१ ते ०.२ मिमी पुरे, म्हणजे वहीच्या एक-दोन पानांएवढी. इथे दोन व्हिजिटिंग कार्डं आरामात सरकत होती.

नटाला हात लावण्याआधी ट्रस रॉड (नेकच्या आतली, त्याचा बाक ठरवणारी सळई). पहिला फ्रेट आणि नेक-बॉडीच्या सांध्यापाशी असलेला फ्रेट एकदम दाबून सातव्या-आठव्या फ्रेटवर ०.३ मिमी फट. गॅरेजमधलं फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) चालतं. अ‍ॅलन की एका वेळी अष्टमांश फेराच, मग पुन्हा ट्यूनिंग, मग माप. जोर लावावा लागला तर थांबा; रॉड तुटला तर नेक गेला.

आता खाचा. नट फाइल्सचा सेट बेसच्या किमतीकडे बघता परवडत नाही. जुन्या तारेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळला की काम होतं, पण कागदाची जाडी धरून एक नंबर बारीक तार घ्यायची: ईच्या खाचेला ए, एला डी, डीला जी, आणि जीला साध्या गिटारची चौथी तार. आठ-दहा घासे, तार बसवा, ट्यून करा, बघा. खाचेचा उतार हेडस्टॉककडे (खुंट्यांच्या बाजूला) हवा. सपाट राहिली तर मोकळी तार सतारीसारखी झणझणते. जवारी तंबोऱ्यात शोभते, इथे नाही. जास्त खोल गेली तर खाण्याचा सोडा भरून वर फेविक्विकचा थेंब (धूर येतो, तोंड लांब ठेवा), आणि पुन्हा घासा.

हे होईपर्यंत माझं मत 'दोन स्टार' होतं. नटाच्या खाचा खोल झाल्यावर कळलं की नेक चांगला आहे, फ्रेट सरळ आहेत. चार स्टार. मग पावसाळ्यात ०.३ची फट ०.५ झाली आणि अर्धा स्टार कापला. पण ओल्या हवेत लाकूड हलणारच, महागड्या बेसचंही हलतं, म्हणून तो परत दिला. ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा मापा.

दुकानात सेटअपचे १,५०० मागितले. त्यात नट नव्हताच, फक्त सॅडल खाली करणार. तसं केलं की वर खडखड सुरू आणि पहिला फ्रेट तसाच चढा. अ‍ॅक्शन (फ्रेटपासून तारेची उंची) नटानंतर ठरवायची: बाराव्या फ्रेटवर ईखाली २.५ मिमी, जीखाली २. इंटोनेशन सगळ्यात शेवटी. बारावा दाबलेला स्वर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता बोट नुसतं टेकवून काढलेला स्वर) चढा असेल तर सॅडल मागे घ्या. मोबाइल ट्यूनरला ईचे ४१ हर्ट्झ नीट ऐकू येत नाहीत, बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक द्या.

हम (घुमणारा आवाज) आली आणि तारांना हात लावूनही फरक पडत नसेल, तर बहुधा ब्रिजखालची अर्थिंगची वायर सुटली आहे. दोन मिनिटांचं सोल्डरिंग.

तारा बदलताना ४५-१०५च (सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) घ्या. जाड घेतल्या तर नव्या खाचेत बसत नाहीत, बारीक घेतल्या तर खाचेत खुळखुळतात, आणि मग नट पुन्हा पहिल्यापासून.