सवलतीच्या दुकानातलं गणपतीचं सामान : बचत बिलावर, तोटा डब्यात

कुडाळकडच्या एका घरात पाच दिवसांचा गणपती, मुंबईहून चाकरमानी येणार, एकूण चौदा माणसं. किराणा आला तो सवलतीच्या मोठ्या दुकानातून. बिलाच्या तळाशी ‘आजची आपली बचत’ म्हणून सहाशेच्या वर आकडा. चतुर्थीला सकाळी उकड काढली तर मोदकाच्या पाकळ्या वळतानाच तडकल्या. दुपारी नैवेद्याच्या वरणभातावर सोडलेलं तूप जिभेला मेणासारखं चिकटलं. पाचव्या दिवसापर्यंत काजूला वास सुटला. तेल तर नेहमीपेक्षा दोन दिवस आधीच संपलं.

बिल आणि रिकाम्या पिशव्या समोर ठेवून एकेक नाव वाचलं, तेव्हा उलगडा झाला. यातली एकही वस्तू बनावट नव्हती. जे होतं ते वेष्टनावर छापलेलंच होतं, पण मागच्या बाजूला आणि बारीक अक्षरात. घरच्यांनी समोरचं चित्र आणि दर पाहून ‘नेहमीचंच सामान, जरा स्वस्तात’ असं समजून ते उचललं. ही दुकानं फसवतात ती बहुतेक याच वाटेने.

आधी दुकानांची बाजू. त्यांचा माल स्वस्त असायला खरी कारणं आहेत. ती मोजकेच प्रकार ठेवतात, गाडीभर माल एकदम उचलतात, जाहिरातीवर फार खर्च करत नाहीत आणि फळीवरचा माल लवकर फिरवतात. साखर, मीठ, पोहे, शेंगदाणे, गूळ, आगपेटी, साबण यांत दुकानाचा स्वतःचा ब्रँड घेतला तर बिघडत नाही. साखरेचे एम-३० आणि एस-३० हे दर्जे दाण्याच्या आकारावरून ठरतात, गोडी दोन्हींची तीच. तिथे नामांकित ब्रँडला जास्त पैसे देण्याचं कारण नाही. प्रश्न येतो तेल, तूप, मसाले, सुका मेवा, पिठं आणि चहा यांत. या वस्तूंत ‘तेच’ या शब्दाखाली निरनिराळे दर्जे खपतात.

दुकानदार हमखास सांगतो, ‘मोठ्या ब्रँडचा माल ज्या कारखान्यात बनतो, तिथलाच आहे.’ हे खरंही असू शकतं. पण एकच गिरणी तीन गिऱ्हाइकांना तीन प्रतींचा माल भरून देते. कुणी तुकडा कमी असलेला माल मागतो, कुणी स्वस्त माल मागतो. कारखाना एक म्हणून माल एक होत नाही.

तेलाची पिशवी

समोर मोठं सूर्यफूल, पिवळा रंग, दर १२६ रुपये. शेजारी नामांकित ब्रँडची पिशवी १३८ रुपयांना. घरच्यांनी हिशेब केला की एका पिशवीमागे १२ रुपये वाचले. पण एक लिटर खाद्यतेल भरतं साधारण ९१० ग्रॅम, आणि या स्वस्त पिशवीवर निव्वळ वजन होतं ८०० ग्रॅम. किलोचा दर काढा. १२६ भागिले ०.८ म्हणजे १५७ रुपये ५० पैसे, १३८ भागिले ०.९१ म्हणजे सुमारे १५१ रुपये ६५ पैसे. स्वस्त पिशवीच महाग होती.

पूर्वी तेल, पीठ, चहा, बिस्किटं अशा वस्तू ठरावीक वजनांतच भराव्या लागत. वेष्टनबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांत २०२१ साली बदल झाला, वजनांचं ते बंधन गेलं आणि त्याऐवजी ग्रॅमचा किंवा किलोचा दर छापण्याची अट आली. तो दर एमआरपीजवळ असतो. एक किलोच्या आतल्या पाकिटावर तो ग्रॅमला असतो, ०.१५ किंवा ०.१६ असा. डोळ्यांना एका पैशाचा फरक दिसतो, पण किलोमागे तो १० रुपये होतो. शिवाय हा आकडा दोन दशांशांपर्यंतच असल्यामुळे ०.१५१ आणि ०.१५४ दोन्ही ०.१५ म्हणूनच दिसतात. म्हणून मोबाइलवर स्वतः भागाकार करावा, रुपये भागिले ग्रॅम, गुणिले हजार.

आता तीच पिशवी उलटी करा. वस्तूचं नाव होतं ‘मल्टी-सोर्स एडिबल ऑइल’, म्हणजे मिश्र खाद्यतेल. खाली राईस ब्रान (तांदळाच्या कोंड्याचं तेल) ८० टक्के, सूर्यफूल २० टक्के. मिश्र तेलात कुठलंही एक तेल २० टक्क्यांपेक्षा कमी चालत नाही, म्हणजे सूर्यफूल होतं ते कायद्याने लागतं तेवढंच, आणि चित्र मात्र त्याचंच. राईस ब्रान वाईट नाही, तळणीला ते चांगलं चालतं. घरच्यांनी मात्र मिश्र तेलाची तुलना शुद्ध सूर्यफुलाच्या दराशी केली आणि तिथेच ते चुकले. मिश्र तेलावर टक्केवारी आणि अ‍ॅगमार्क (केंद्र सरकारची दर्जाची खूण) दोन्ही असायलाच हवं, नसेल तर ती पिशवी उचलूच नका.

तुपाचा डबा

ही या खरेदीतली सगळ्यांत वाईट चूक, आणि सणाच्या दिवसांत ती सर्रास होते. गणपतीआधी दुकानात प्रवेशापाशीच पूजेच्या सामानाची मांडणी लागते. तिथे गाईचं चित्र असलेला, ‘शुद्ध’ लिहिलेला, निम्म्या किमतीचा डबा असतो. नाव ‘पूजा घी’ किंवा ‘दिव्याचं तूप’. तळाशी अगदी बारीक अक्षरात ‘खाण्यासाठी नाही’. आत बहुधा वनस्पती चरबी असते, तिला वास आणि रंग दिलेला. हा डबा निरांजनासाठी. त्याच रात्री तो स्वयंपाकघरातल्या फळीवर जातो आणि दुसऱ्या दिवशी मोदकावर.

तपासायला पाच सेकंद लागतात. खाण्याच्या प्रत्येक वेष्टनबंद वस्तूवर एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी क्रमांक लागतो. तो नसेल तर ती वस्तू पोटात जाता कामा नये. पहिला आकडा १ असेल तर परवाना, २ असेल तर छोट्या व्यावसायिकाची नुसती नोंदणी. पुढचे दोन आकडे राज्याचे, त्यापुढचे दोन सालाचे. हा क्रमांक त्याच प्राधिकरणाच्या ‘फॉसकॉस’ संकेतस्थळावर टाकला की परवाना कुणाचा आणि चालू आहे की नाही ते दिसतं. खोबरेलाचंही तेच. बाटलीवर नारळ आहे म्हणून ते खायचं खोबरेल ठरत नाही. केसांच्या तेलावर हा क्रमांक नसतो.

खोबरेल शुद्ध आहे का, हे पाहायला पारदर्शक ग्लासात थोडं घेऊन अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवतात (फ्रीझरमध्ये नव्हे). शुद्ध खोबरेल सगळं गोठतं, दुसरं तेल असेल तर त्याचा वेगळा थर पातळ राहतो. पाम कर्नेल तेल मात्र खोबरेलासारखंच गोठतं, ते या परीक्षेत सापडत नाही. म्हणून थर न दिसणं म्हणजे शुद्धतेची खात्री नाही. थर दिसला तर भेसळ नक्की.

काजू

पाकिटावर ‘जंबो’, ‘कोकण स्पेशल’. यातला एकही शब्द दर्जा सांगत नाही. काजूगराचा दर्जा डब्ल्यू १८०, डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२० असा असतो आणि तो आकडा म्हणजे एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त किती अख्खे गर बसतात ते. आकडा लहान तितका गर मोठा आणि महाग. हे घरी मोजता येतं. पाव किलोचं पाकीट ताटात ओता आणि अख्खे गर मोजा. ९४ ते ९९ भरले तर डब्ल्यू १८०, १२१ ते १३२ भरले तर डब्ल्यू २४०, १६५ ते १७६ भरले तर डब्ल्यू ३२०. त्या ‘जंबो’ पाकिटात भरले १६८, शिवाय तळाला मूठभर पाकळी, म्हणजे दुभंगलेले गर. म्हणजे बाजारातला सर्वसाधारण काजू, मोठ्या काजूच्या दराच्या जवळपास विकलेला.

‘कोकण’ या शब्दाचंही पाहायला हवं. वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकन आहे, पण नुसतं ‘कोकणी काजू’ किंवा ‘सिंधुदुर्गात तयार’ छापलेल्या पाकिटातली बी इथलीच असेल असं नाही. आफ्रिकेतून आलेली काजू बीही आपल्याकडच्या कारखान्यांत फोडली जाते. त्यात बेकायदा काही नाही, पण गावच्या काजूचे पैसे द्यायचे असतील तर गाव कुठे लिहिलंय ते शोधा, किंवा ओळखीच्या कारखान्यातून सालवाला घ्या.

आणि वास का सुटला? याचं उत्तर तारखेत आहे. डाळ, तांदूळ, सुका मेवा या वस्तू दुकान पोत्यांतून आणतं आणि स्वतःच्या पिशवीत भरतं. पिशवीवर येते ती भरल्याची तारीख. पोतं किती महिने गोदामात पडून होतं, ते त्यावर नसतं. १ ऑगस्टला भरलेला काजू फेब्रुवारीपासून पोत्यात असू शकतो. काजूत तेल भरपूर, दमट हवेत तो लवकर खवट होतो. पारदर्शक पिशवीतला गर पिवळट किंवा तेलकट डागांचा दिसला, कोपऱ्यात भुगा दिसला, तर तारीख कितीही ताजी असू दे, तो घेऊ नका.

उकड का फुटली

समोर ‘मोदक पीठ’, मागे घटक ‘तांदळाचं पीठ’, बस्स. कुठला तांदूळ, नवा की जुना, काही नाही. स्वस्त तांदूळपिठी बहुधा मिश्र तांदळाच्या कणीची असते. भाकरीला, घावन्यांना ती चालते. मोदकाला आंबेमोहरासारखा चिकट, शक्यतो नवा तांदूळ धुऊन सावलीत वाळवून बारीक दळलेला लागतो. जुन्या तांदळाची पिठी पाणी जास्त पिते, मग वाटीला वाटी पाणी घेऊन काढलेली उकड कोरडी राहते आणि पाकळी तडकते. अशी पिठी घरात आलीच असेल तर चतुर्थीची वाट न पाहता आधी एका वाटीची उकड काढून पाहा. वाटीमागे दोन-तीन चमचे पाणी वाढवून आणि हात ओला करून मळून पारी वळली तर ठीक, नाही तर गिरणीवरून दळून आणा.

बेसनाचं थोडक्यात. ‘बेसन’ हे नाव फक्त हरभऱ्याच्या डाळीच्या पिठालाच लावता येतं. घटकांत वाटाणा दिसला किंवा नाव ‘भजी मिक्स’ असलं तर ते बेसन नव्हे, आणि लाडू त्याचे करू नयेत. हळद पेलाभर पाण्यात चमचाभर टाकून हलू न देता ठेवा. चांगली हळद तळाशी बसते आणि वरचं पाणी फिकट पिवळं राहतं, रंग घातलेला असेल तर पाणी गडद पिवळं होतं. मिरचीपूड पाण्यावर भुरभुरली आणि रंगाच्या रेघा खाली उतरल्या तर ती परत करा. लवंग पाण्यात बुडायला हवी, तेल काढून घेतलेली तरंगते.

पावसाळा

पुण्यात तीन महिने टिकलेलं तेच पाकीट मालवणात तीन आठवड्यांत का सादळतं? वेष्टनावरची मुदत ‘थंड व कोरड्या जागी’ या अटीवर असते. आषाढ-श्रावणात कोकणातल्या घरात आर्द्रता ९० टक्क्यांच्या घरात जाते, तेव्हा ती अट पाळलीच जात नाही. नामांकित ब्रँडची बिस्किटं, चहा, मसाले बहुधा दोन-तीन पदरी चकचकीत वेष्टनात असतात. दुकानाच्या ब्रँडचा रवा, पीठ, डाळ बऱ्याचदा एकेरी प्लॅस्टिकच्या पिशवीत असते. अशा पिशवीतून ओल हळूहळू आत जाते, मग रव्याला जाळी धरते आणि डाळीत सोंडे होतात. इथे महाग पाकिटाचे जास्तीचे पैसे खरोखर वसूल होतात. पावसाळ्यात स्वस्त पिशवी घ्यायचीच तर अर्ध्या किलोची घ्या, घरी येताच घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ओता, रवा मंद आचेवर सात-आठ मिनिटं कोरडा भाजून गार करून भरा. ‘पाच किलोवर एक किलो मोफत’ ही योजना जून ते सप्टेंबर या दिवसांत कोकणातल्या घरासाठी तोट्याची आहे.

तक्रार

वजन आणि एमआरपीची तक्रार जाते वैध मापन शास्त्र विभागाकडे, मालाच्या दर्जाची अन्न व औषध प्रशासनाकडे (१८०० २२२ ३६५). लोक बहुधा चुकीच्या दारात जातात आणि तक्रार तिथेच अडकते. दुकान बदलून देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा. पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे, तिथे ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची असते.

वजनाची तक्रार करण्याआधी एक लक्षात घ्या. ५०० ग्रॅम ते एक किलोच्या पाकिटात १५ ग्रॅमपर्यंतची तूट नियमात बसते. एकच पाकीट ९८८ ग्रॅम भरलं म्हणून काही होणार नाही. त्याच मालाची पाच-सहा पाकिटं मोजा. सगळीच कमी भरली तर ती तक्रार टिकते. मूळ एमआरपीवर चिकटवलेला जास्त किमतीचा कागदही तक्रारीचा विषय आहे. किंमत कमी करणारा कागद चालतो, पण मूळ किंमत त्याखाली झाकता येत नाही.

माल प्रयोगशाळेत तपासून घ्यायचा असेल तर अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० प्रमाणे ग्राहक स्वतः शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तो तपासून घेऊ शकतो. यात लोक नेमके एका ठिकाणी अडकतात. तपासणीसाठी घेतोय हे खरेदी करतानाच दुकानदाराला सांगावं लागतं. म्हणून घरात फोडलेला डबा घेऊन धावण्यात अर्थ नाही. त्याच दुकानात जा, त्याच बॅच क्रमांकाचा बंद डबा घ्या, गल्ल्यावर तसं सांगा आणि बिल जपून ठेवा. फोडलेला डबा, पिशवी आणि जुनं बिलही फेकू नका. बॅच क्रमांक, भरल्याची तारीख आणि परवाना क्रमांक तिघांचे फोटो त्याच दिवशी काढा, कारण दुकानाच्या बिलावरची शाई दोन महिन्यांत उडते.