विधीला बसायचंय: नेसायचं धोतर घ्यावं की शिवलेलं?

मुंज, लग्न किंवा वास्तुशांत, यजमान म्हणून पाटावर बसायचं ठरलं की हा प्रश्न येतोच. दुकानात दोन्ही प्रकार एकाच काउंटरवर असतात. रंग तेच, काठ तेच, जोडीचं उपरणंही तेच. 'नेसता येत नाही' म्हटलं की शिवलेलं पुढे सरकवलं जातं आणि बहुतेक जण तिथेच पैसे देऊन मोकळे होतात.

शिवलेल्याचे गुण आधी मोकळेपणानं मान्य करतो. पायजम्यासारखं चढवायचं, नाडी आवळायची, दोन मिनिटांत माणूस तयार. मोबाईलला खिसा असतो आणि सुटण्याची धास्ती नसते. वरातीत नाचायचं असेल किंवा कपडे फक्त अंतरपाटापुरते आणि फोटोंपुरते हवे असतील, तर दुसरं काही बघायची गरजच नाही. मुंजीच्या बटूलाही शिवलेलंच बरं. आठ वर्षांचं पोर निऱ्या सांभाळत दिवसभर बसणार नाही. फक्त वयापेक्षा एक माप मोठं घ्या, कारण नाडीनं कंबर कमी करता येते, उंची वाढवता येत नाही.

माझं घोडं अडलं ते मांडी घालून बसण्यापाशी. शिवलेलं धोतर आतून पायजमाच असतं. त्याला आसनाची, म्हणजे दोन पायांमधली, शिवण असते आणि पुढच्या निऱ्या कमरपट्टीला पक्क्या टाचलेल्या असतात. उभं असताना सगळं झकास दिसतं. पण पुण्याहवाचनाला बसलात की आसन ताणलं जातं, कापड मांडीवर चढतं आणि पायाची खालची कड निम्म्या पोटरीवर येते. मागची नाडी कंबरेत रुतते ती वेगळीच. गुडघ्यात अडकलेलं कापड दर पाच मिनिटांनी ओढायचं, आणि त्याच वेळी गुरुजी हातात पळी धरायला सांगत असतात. जास्त ओढलं तर शिवण उसवते, तीही नेमकी आसनापाशी. आसन खोल शिवून घेतलं तर बसायला बरं, पण उभं राहिल्यावर पुढे झोळ येतो. शिवण एकाच जागी पक्की असल्यानं यातून मधला मार्ग फारसा निघत नाही.

नेसलेल्या धोतरात ही अडचण येत नाही, कारण कापड कुठेच कायमचं जोडलेलं नसतं. बसताना निऱ्या थोड्या सरकतात, उठलं की पुन्हा खाली येतात. अट एकच: नेसणं नीट हवं.

लांबी हातात मोजली जाते आणि हात म्हणजे १८ इंच. आठ हाती साधारण ३.६ मीटर, नऊ हाती ४.१ आणि दहा हाती ४.५ मीटरच्या आसपास. मध्यम बांध्याला नऊ हाती पुरतं. पोट सुटलेलं असेल किंवा उंची सहा फुटांच्या घरात असेल तर दहा हातीच घ्या, नाहीतर पुढच्या निऱ्या तीन-चारच पडतात आणि चालताना मांडी उघडी पडते.

नेसताना पाय खांद्यांइतके फाकवून उभे राहा. पाय जुळवून नेसलं तर कासोटा आखूड पडतो आणि बसताना मागून सुटतो. नवख्यांचं धोतर बहुतेक यामुळेच सुटतं. कापडाचा मध्य पाठीमागे कमरेला लावून दोन्ही बाजू पुढे आणा. गाठ टोकांची मारायची नाही. बेंबीखाली दोन्हीकडच्या वरच्या किनारीचा मूठभर भाग घेऊन तिथे गाठ मारायची, दोन्ही टोकं मोकळीच राहतात. गाठ मारताना पोट आत ओढू नका, बसल्यावर ती काचते. मग डाव्या टोकाच्या चार बोटं रुंद निऱ्या करून त्या पायांमधून मागे न्या आणि मणक्यापाशी खोल खोचा. हा कासोटा. उजव्या टोकाच्या निऱ्या करून पुढे, गाठीच्या वर खोचा. खालची किनार घोट्याला टेकली की झालं. सवय झाली की यालाही पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही.

सुती कापडाची गाठ धरून राहते, रेशमाची आणि आर्टसिल्कची निसटते. त्यावर उपाय सोपा आहे. आत नायलॉनची नव्हे, सुती अर्धी चड्डी घाला आणि गाठीवरून एक पातळ सुती नाडी कमरेभोवती बांधा. नाडी उपरण्याखाली झाकली जाते. याला फसवणूक म्हणणारे काका प्रत्येक कार्यात भेटतात, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका.

होम असेल तर कापडाचा विचार दोन्ही प्रकारांत करावा लागतो. दुकानातली चकचकीत तयार सोवळी बहुतेक कृत्रिम धाग्याची असतात. ठिणगी पडली तर तो धागा वितळून कातडीला चिकटू शकतो. लाजाहोमाला किंवा वास्तुशांतीच्या होमाला अगदी जवळ बसायचं असतं, तेव्हा सुती किंवा खरं रेशीम बरं. आणि गुरुजींना आधी विचारून घ्या. सोवळं म्हणजे न शिवलेलं वस्त्र, असं मानणारी घरं आजही आहेत. पुष्कळ गुरुजी हल्ली काही म्हणत नाहीत, पण घरातल्या आजींचं मत वेगळं निघू शकतं.

नेसायच्या धोतराचा आणखी एक फायदा दक्षिणेत फिरताना कळतो. तिरुवनंतपुरमच्या पद्मनाभस्वामी मंदिरात पुरुषांना उघड्या अंगानं, मुंडू (तिकडचं लुंगीसारखं न शिवलेलं वस्त्र) गुंडाळून जावं लागतं. तिथे नऊ हाती धोतर दुहेरी करून, कासोटा न घालता लुंगीसारखं गुंडाळलं की काम भागतं. शिवलेल्याचा तिथे उपयोग नाही.

इस्त्रीचा भागही विसरू नका. न शिवलेलं धोतर चादरीसारखं सपाट पसरून दहा मिनिटांत होतं. शिवलेल्याची एकेक निरी धरून इस्त्री फिरवावी लागते आणि दोन धुण्यांनंतर निऱ्या कधी नव्यासारख्या बसत नाहीत. वजन पाच किलोनं बदललं तरी नेसायचं धोतर तेच चालतं, शिवाय धाकट्या भावालाही होतं.

तरीही शिवलेलं घेणाऱ्याला मी चूक म्हणणार नाही. ज्याला गुडघ्यांमुळे मांडीच घालता येत नाही आणि जो खुर्चीवर बसून विधी करणार आहे, त्याला शिवलेलं जास्त सोयीचं पडेल. बसणं अर्ध्या तासाचं असेल तरी हरकत नाही. तासाच्या वर गेलं की मात्र मी नेसायचंच घेईन.

ते घेतलंत तर एक करा: नवं सुती धोतर तसंच नेसू नका. खळीमुळे निऱ्या फुगतात आणि खोचलेला कासोटा बाहेर येतो. रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, दोनदा खळबळून वाळवा आणि कार्याच्या आदल्या दिवशी नेसून अर्धा तास जमिनीवर मांडी घालून बसा. गाठ कुठे सैल पडते ते तेव्हाच कळतं.