घरे किती लागतील? कुटुंबसंख्येचा अंदाज बांधण्याच्या तीन पद्धती

शहराचा वीस वर्षांचा आराखडा करायला घेतला की पहिली विचारणा होते ती लोकसंख्येच्या अंदाजाची. घरांसाठी तो आकडा अपुरा पडतो, कारण घर माणशी लागत नाही, कुटुंबागणिक लागते. जपानमध्ये २०१५ आणि २०२० च्या जनगणनांदरम्यान लोकसंख्या नऊ लाखांहून अधिक घटली, तर कुटुंबे वीस लाखांहून अधिक वाढली. माणसे कमी झाली, पण एकेकटी राहणारी वाढली. तेव्हा तुमच्यासमोर आराखडा मंजुरीला आला असेल, तर त्यातली कुटुंबसंख्या कोणत्या पद्धतीने काढली आहे, हे आधी विचारा.

सगळ्यात सोपी पद्धत सरासरीची. भविष्यातल्या लोकसंख्येला कुटुंबाच्या सरासरी आकाराने भागायचे. माहिती थोडी लागते, हिशेब अर्ध्या तासात होतो. खोट एवढीच की सगळी भिस्त एका भाजकावर राहते. दहा लाख वस्तीच्या शहरात सरासरी चार धरली तर कुटुंबे अडीच लाख. तीच साडेतीन धरली तर सुमारे २ लाख ८६ हजार. म्हणजे शहरात एकही नवा माणूस न येता ३६ हजार घरांची जादा गरज उभी राहिली. त्यात विक्री, दुरुस्ती, भाडेकरूंची ये-जा यांसाठी पाच टक्के घरे रिकामी राहणार असे धरले, तर घरे तीन लाखांच्या वर जातात. इतका फरक ज्या अर्ध्याने पडतो तो कुठून आणला, याचे उत्तर अहवालात बहुधा एका ओळीत असते. लहान गावाला किंवा पहिल्या कच्च्या अंदाजाला ही पद्धत चालेल. त्यापुढे नको.

दुसरी पद्धत कुटुंबप्रमुख दराची. लोकसंख्या वयोगटांत मांडायची आणि प्रत्येक गटातले किती टक्के लोक स्वतंत्र कुटुंबाचे प्रमुख आहेत, ते जनगणनेवरून काढायचे. पंचविशीतल्यांचा दर कमी, साठीतल्यांचा जास्त. शहराचे वय वाढले की कुटुंबे का वाढतात, हे इथे आपोआप दिसते. सरासरीच्या पद्धतीत ते दडून राहते. जन्म, मृत्यू, स्थलांतर यांचा वयोगटवार हिशेब आधीच तयार असेल तर हीच पद्धत घ्यावी, असे मी एरवी बेलाशक म्हटले असते.

पण तिच्यात एक फास आहे. घरे महाग असतील तर तरुण आईवडिलांकडेच राहतात किंवा तिघे-चौघे मिळून एक घर भाड्याने घेतात. २५ ते ३४ या गटात एक लाख लोक आहेत आणि त्यांचा दर ३५ टक्क्यांवरून २८ वर आला, तर सात हजार कुटुंबे कागदावरून गायब होतात. माणसे शहरातच आहेत. पण दराचा हा उतार पुढे ओढला की अहवाल म्हणतो, घरांची गरज घटते आहे. टंचाईने दाबलेली मागणी, मागणी नसल्याचा पुरावा ठरते.

इंग्लंडमध्ये हे चांगलेच गाजले. तिथे २०१८ मध्ये कुटुंबसंख्येचा नवा अधिकृत अंदाज आला. कुटुंबे बनण्याचा कल त्यात फक्त २००१ आणि २०११ या दोन जनगणनांवरून घेतला होता, आणि नेमकी हीच वर्षे घरे हाताबाहेर जाण्याची होती. वर्षाला सुमारे २ लाख १० हजार नवी कुटुंबे धरली जात होती, ती १ लाख ५९ हजारांवर आली. या घटीत लोकसंख्येचा अंदाज खाली आल्याचाही वाटा होता, हे खरे. पण सरकारचे स्वतःचे उद्दिष्ट वर्षाला तीन लाख घरांचे! शेवटी स्थानिक संस्थांना जुनाच, २०१४ चा पाया धरायला सांगितले गेले. डिसेंबर २०२४ मध्ये तर कुटुंबसंख्येचा हा आधारच काढून टाकला.

त्या जागी आली तिसरी पद्धत, घरसाठ्याची. आज जेवढी घरे आहेत त्यांचा ठरावीक हिस्सा दरवर्षी वाढवायचा. इंग्लंडने ०.८ टक्के धरला, म्हणजे लाख घरांमागे आठशे. मग घराची किंमत उत्पन्नाच्या मानाने फार असेल तिथे हा आकडा वर न्यायचा. हिशेब स्थिर राहतो, दर नव्या अंदाजासरशी उद्दिष्ट डोलत नाही. मात्र माणसे कोणती, किती वयाची, किती खोल्यांची घरे हवीत, यावर ही पद्धत अवाक्षर काढत नाही. शिवाय ओहोटी लागलेल्या शहरालाही ती वाढ वाटून देते. जपानमध्ये २०२३ च्या पाहणीत सुमारे ९० लाख घरे रिकामी आढळली. तसल्या शहरात साठ्याचा टक्का लावून काय करणार?

म्हणून निवड करताना कोणती चूक तुम्हाला झेपेल ते पाहावे. घरे महाग असलेल्या वाढत्या शहरात अंदाज कमी निघाला तर त्याची भरपाई तरुण कुटुंबे भरतात. तिथे साठ्यावरून उद्दिष्ट ठरवावे आणि कुटुंबप्रमुख दराचा उपयोग घरांचे आकार ठरवण्यापुरता करावा. वस्ती स्थिर किंवा उतरती असेल तर वयोगटवार दरच धरावेत. तिथे चूक जास्तीच्या बाजूला झाली की नळाचे पाणी आणि रस्ते रिकाम्या भूखंडांपर्यंत नेऊन बसतो.

अंदाजावर किती विसंबायचे, हे जमिनीच्या धोरणावरही ठरते. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात १९७३ च्या कायद्यानुसार शहरांना वाढीची सीमा आखावी लागते. पोर्टलंड परिसरात पुढच्या वीस वर्षांना पुरेल एवढी जमीन सीमेच्या आत आहे का, हे किमान दर सहा वर्षांनी तपासतात. इथे आकडा चुकला तर सीमाच चुकते. न्यूझीलंडच्या ऑकलंडने २०१६ मध्ये उलटा मार्ग धरला. सुमारे तीन चतुर्थांश निवासी जमिनीवर आधीपेक्षा दाट बांधायची मुभा दिली, आणि पुढे बांधकाम परवाने चांगलेच वाढले. मुभा एवढी सढळ असली की पाच-दहा हजारांच्या चुकीने आराखडा कोलमडत नाही. जलवाहिन्यांचा व्यास ठरवायला मात्र आकडा लागतोच, तिथे ऑकलंडलाही सुटका नाही.

सल्लागाराला काम देताना कार्यकक्षेत तीन गोष्टी लिहून घ्या. वयोगटवार दरांचा पूर्ण तक्ता, किमान तीन जनगणनांवरून काढलेला. दर आहे तसा राहिला, घटला आणि टंचाईपूर्व पातळीवर परतला, अशा तीन शक्यतांचे वेगवेगळे आकडे. आणि दरवर्षी बांधकाम परवाने, भोगवटा प्रमाणपत्रे, पाडलेली घरे व नव्या वीजजोडण्या यांच्याशी अंदाज ताडून पाहण्याची सोय. यातली तिसरी गोष्ट खर्च वाचवायला सगळ्यात आधी गाळली जाते. ती गाळू देऊ नका.