माझं लॉनमोवर, तीन वर्षांनंतर: गवत नीट कापत नाही म्हणून फेकायला निघालेलो, आता चार स्टार

मशीन कुठलं तर पेट्रोलवर चालणारं, मागून ढकलत न्यायचं, 20 इंची रोटरी, म्हणजे खाली एक आडवं ब्लेड गरगर फिरतं ते. पहिलं वर्ष एकदम मस्त गेलं, दुसऱ्या वर्षी मात्र लॉन असं दिसायला लागलं की वाटायचं गाय चरून गेलीय, कुठे तुरे उभे, कुठे पट्टाच राहिलेला, आणि कापल्यावर दोन दिवसांनी सगळ्या लॉनवर एक पांढुरकी-तपकिरी छटा. मला वाटलं इंजिन गेलं. दोन स्टार देऊन मोकळा होणार होतो, बरं झालं थांबलो.

कारण दोष इंजिनचा नव्हताच. एकदा खाली बसून गवताची पाती हातात घेऊन नीट बघा, सगळं तिथेच कळतं. टोक सरळ स्वच्छ कापलेलं असेल तर ब्लेड ठीक आहे. टोकाला धागे सुटलेत, फाटल्यासारखं दिसतंय, तर ब्लेड बोथट झालंय आणि ते गवत कापत नाहीये, ओरबाडतंय. ती फाटलेली टोकं सुकतात म्हणून तो तपकिरी रंग, आणि अशा जखमेतून रोगही लवकर शिरतो. मी उगाच पाणी जास्त घालत बसलो होतो.

मग ब्लेड काढलं. आधी स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला करा, हे कृपया विसरू नका, हाताने ब्लेड फिरवताना इंजिन सुरू होऊ शकतं. आणि मशीन आडवं करताना एअर फिल्टर आणि कार्ब्युरेटरची बाजू वर ठेवा, नाहीतर इंजिनातलं ऑइल एअर फिल्टरमध्ये जातं आणि पुढच्या वेळी नुसता धूर. माझ्या ब्लेडची दोन्ही टोकं गोल झालेली, एका ठिकाणी दगड लागून खाच पडलेली. वाईसमध्ये धरून कानशीने, मूळचा जो उतार आहे त्याच कोनात घासलं, साधारण 30 अंश. वस्तऱ्यासारखी धार काढू नका, ती दोन वेळात मोडते. ग्राइंडर वापरायचा असेल तर थांबत थांबत, पातं निळं पडेपर्यंत तापलं की पोलाद मऊ होतं आणि मग धार टिकतच नाही.

आणि बॅलन्स! हे बहुतेक लोक सोडून देतात. भिंतीत एक खिळा ठोका, ब्लेड मधल्या भोकातून अडकवा, जी बाजू खाली जाईल ती जड, त्या बाजूला थोडं अजून घासायचं. हे एवढं मनावर का घ्यायचं तर हिशोब करून बघा, 20 इंची ब्लेड मिनिटाला 3000 फेऱ्यांनी फिरलं तर त्याचं टोक सेकंदाला जवळजवळ 80 मीटर जातं, म्हणजे ताशी 285 किलोमीटरच्या वर. एवढ्या वेगात थोडासा जडपणा पण सगळं मशीन थरथरवतो, बेअरिंग खातो, हाताला मुंग्या येतात त्या वेगळ्याच. वाकलेलं ब्लेड असेल तर ठोकून सरळ करू नका, सरळ नवीन घ्या. परत लावताना वळवलेले पंख वरच्या बाजूला, डेककडे (ब्लेडवरचं झाकण), कारण तेच हवा ओढून गवत उभं करतात. उलटं लागलं तर नवीन ब्लेड पण काहीच कापत नाही.

तुरे राहण्याचं कारण दुसरंच निघालं, डेकच्या आत सुकलेल्या गवताचा जाड थर. त्याने हवेचा मार्ग अडतो, गवत वर उचललंच जात नाही आणि ब्लेड त्याला नुसतं लोळवून पुढे जातं. लाकडी पट्टीने खरवडून काढला, अर्धा तास गेला पण पहिल्याच फेरीत फरक दिसला. ओलं गवत कापायचं टाळलं तर हा थर बसतच नाही फारसा. कापलेल्या लॉनमध्ये एका बाजूला पायरीसारखा उंच-सखलपणा दिसत होता तो एका चाकाचा हाइट लिव्हर एक खाच खाली असल्यामुळे, पाच सेकंदाचं काम.

बाकी वापरायची पद्धत, थ्रॉटल पूर्ण ठेवा, चाल मात्र हळू, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर थोडा चढवा. आणि एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशपेक्षा जास्त कापू नका, 9 सेंटीमीटर वाढलं असेल तर 6 वर आणा, अजून कमी हवं असेल तर काही दिवस थांबून परत.

आता मशीनबद्दल. कापणी पुन्हा पहिल्या वर्षासारखी झालीय, साधारण 20-25 तास चालवलं की धार करतो. एक स्टार मी मॅन्युअलसाठी कापलाय, त्यात इंजिन ऑइलवर चार पानं आणि ब्लेडवर दोन ओळी, बॅलन्सचा तर उल्लेखच नाही. शिवाय ब्लेडचा बोल्ट किती घट्ट आवळायचा तो आकडा इतक्या बारीक अक्षरात छापलाय की मी भिंग घेऊन वाचला, आणि तोच आकडा सगळ्यात महत्त्वाचा आहे, सैल राहिला तर ब्लेड सुटून पायाकडे येऊ शकतं. टॉर्क पान्हा (बोल्ट किती घट्ट झाला ते मोजणारा) नसेल तर कुणाकडून तरी मागून आणा, पण अंदाजाने आवळू नका.